चुळीचा पेला

पहिल्या घोटापासून तिची नजर नवऱ्याच्या गळ्यावर होती. बाकी सगळे ग्लासातला रंग बघत होते, ती मात्र त्याच्या कॉलरच्या वरचं ते हाड वरखाली होतंय का, तेवढंच बघत होती. हाड हललं की ती खुर्चीत पुढे सरकायची. मग लक्षात यायचं की माणूस बोलतानाही ते हलतं, आणि नवरा तर बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता.

रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते. दिव्याखाली वाइनचा रंग कळत नाही, असं चौकटवाल्या भावजींचं ठाम मत असल्यामुळे ही मंडळी नेहमी उजेडातच जमायची. भावजी म्हणजे नवऱ्याचे जुने मित्र. चित्रांच्या चौकटी बनवायचे, खाली कारखाना आणि वर घर. आजच्या कार्यक्रमासाठी त्यांनी दोन दिवस कारखान्यात सरसाचा डबा उघडला नव्हता, का तर वास वर येतो. टेबलावर पांढरा पुठ्ठा अंथरलेला होता आणि त्यावर सहा बाटल्या, चौकटीच्या पाठीला लावायच्या तपकिरी कागदात गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या. प्रत्येकीवर सुतारी पेन्सिलीने आकडा घातलेला. त्यातल्या तीन निव्वळ कॅबर्ने द्राक्षाच्या, तीन बोर्दो पद्धतीच्या, म्हणजे कॅबर्नेत मर्लो आणि आणखी एखादं द्राक्ष मिसळलेल्या. कुठली कुठे आहे ते ओळखायचं, एवढाच खेळ. पंधरा वर्षं चालला होता आणि त्यावरून दोनदा अबोलाही झाला होता.

चुळीचे पेले ही दातवाल्या ताईंची देणगी. त्या भावजींच्या बायको, व्यवसायाने दातांच्या डॉक्टर. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच दवाखान्यातले जाड कागदी पेले आणून प्रत्येकासमोर एकेक ठेवला आणि नियम घालून दिला. घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, पेल्यात टाकायचा. गिळत बसलात तर तिसऱ्या बाटलीनंतर तुम्हाला सगळ्याच वाइन आवडायला लागतात, असं त्या म्हणायच्या. नियम सगळ्यांनी पाळला, भावजी सोडून. त्यांचा पेला शोभेपुरता असायचा.

या पेल्याच्या भरवशावरच ती आज नवऱ्याला घेऊन आली होती. खरं म्हणजे गेले आठ महिने त्या पेल्याच्या भरवशावरच त्यांचा संसार चालला होता.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी नवरा बेसिनवर वाकलेला तिला दिसला. पांढऱ्या बेसिनमध्ये लाल काहीतरी पसरलं होतं. तो नोकरीला होता त्या वाइन कोठारातून नमुन्याच्या बाटल्या घरी आणून चूळ भरत बसायची त्याची जुनी खोड होती, त्यामुळे ती वैतागून म्हणाली, "अरे, सकाळी सकाळी कशाला?" तो वळला. त्याच्या हनुवटीवरून जे ओघळत होतं ती वाइन नव्हती. ते एक वाक्य आपण बोललो, याबद्दल तिने स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

यकृत पार कामातून गेलं होतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, त्यातलीच एक फुटली होती. पुन्हा प्यायलात तर पुन्हा फुटेल, आणि दर वेळी आपण वेळेवर पोचूच असं नाही, डॉक्टरांनी सरळ सांगितलं. नवरा म्हणाला, माझं कामच चाखण्याचं आहे, पण ते थुंकायचं असतं, गिळायचं नसतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, मी तर नको म्हणेन. तरी वस्तरा गळ्यावर ठेवूनच पोट भरायचं असेल, तर हात हलू देऊ नका.

काम सोडावं तर दुसरं काही येत नव्हतं. तो एका मोठ्या वाइन कोठाराचा खरेदीदार होता. कुठला माल घ्यायचा, कुठला परत पाठवायचा, ते त्याच्या एका शब्दावर ठरायचं. कोठार भावजींच्या थोरल्या भावाचं, ज्यांना सगळे दादा म्हणायचे. दादांनी त्याला बावीस वर्षं पोसलं होतं ते त्याच्या नाकाजिभेसाठी, म्हणून तर मित्रांत त्याचं नाव नाकोबा पडलं होतं. नाकोबाला दारू वर्ज्य झाली, हे दादांच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला असता. तेव्हा मित्रांना सांगितलं, पित्ताचा त्रास आहे. आठ महिने कुठलंही निमंत्रण आलं की पित्त उसळायचं. शेवटी ताईंनाच शंका आली, "नाकोबा आमच्यावर रागावलाय का गं?" आणि मग पित्ताला आवर घालावा लागला.

तर आता तो समोर बसला होता, पहिल्या क्रमांकाच्या ग्लासात नाक खुपसून.

"ढोबळी मिरची," भावजी म्हणाले. "हिरवी, नुकती कापलेली. निव्वळ कॅबर्ने. लिहून घ्या."

"तुला दर वेळी पहिल्या बाटलीला मिरचीच लागते," ताई म्हणाल्या. त्यांनी घोट घेतला, गाल फुगवून इकडून तिकडे फिरवला आणि पेल्यात टाकला. "हिच्यात मऊपणा आहे. मर्लो आहे हिच्यात. नाकोबा, तू बोल."

नवऱ्याने ग्लास फिरवून पुन्हा हुंगला. मग म्हणाला, "पेन्सिलीला टोक काढल्यावर जो भुसा पडतो ना, तो वास. मागून आलुबुखार. थांब, उजेडात बघू दे." तो ग्लास आणि पेला घेऊन उठला, खिडकीशी गेला आणि यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. परत आला तेव्हा ग्लास रिकामा होता. "मिश्रण," तो म्हणाला. "ताई बरोबर आहे."

खिडकीशी त्याच्या गळ्याचं काय झालं ते तिला दिसलं नाही. तिची फक्त पाठीशी गाठ पडली, नवीन शर्टाची इस्त्री केलेली पाठ.

दुसऱ्या बाटलीलाही तेच झालं, तिसऱ्यालाही. तो वास घ्यायचा, दोन विनोद करायचा, उजेडात बघू दे म्हणून उठायचा आणि रिकामा ग्लास घेऊन परत यायचा. पूर्वी तो जागेवरच सगळं करायचा, गुळण्या करत, डोळे मिटून, इतका आवाज करत की तिला लाज वाटायची. आज ती त्या आवाजासाठी कान टवकारून बसली होती आणि भावजींच्या बडबडीत तिला तो काही ऐकू येत नव्हता. तिने स्वतःचा घोट नुसता ओठांना लावला. तिला कसलीच चव कळली नाही.

माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा म्हणतात. पण या माणसाने पूर्वी तिच्या डोळ्यांत डोळे घालून, पोरांची शपथ घेऊन सांगितलं होतं की घरात एकही बाटली नाही, आणि तिने त्याच संध्याकाळी बुटांच्या खोक्यातून दोन काढल्या होत्या. शपथ घेताना त्याचा आवाज जराही कापला नव्हता. त्या आवाजाची तिला आजही भीती वाटायची. अलीकडे रोज तो कामावरून आला की ती विचारायची, "थुंकलास ना सगळं?" तो म्हणायचा, "हो गं, थुंकलो." आवाज तोच होता.

चौथ्या बाटलीनंतर ती पाव कापायला स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात भावजींनी सगळ्यांच्या ग्लासांत दुसरी फेरी ओतली, एक ते चार पुन्हा, फरक पक्का करायला म्हणून. ती पावाची ताटली घेऊन आली तोवर नवऱ्यासमोरचे चारही ग्लास रिकामे होते.

"दुसऱ्या फेरीला नाकोबा नाही म्हणाला नाही, बघितलंत ना?" भावजी खुशीत म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पित्तबित्त सगळं थोतांड आहे, वहिनी. हा तर पूर्वीपेक्षा जोरात चाललाय."

तिने ताटली ठेवली ती जरा आपटूनच ठेवली गेली. पाचवी आणि सहावी बाटली कशी गेली ते तिला कळलंच नाही. भावजींना सहाव्या बाटलीत काळ्या मनुकांचा वास आला, ताईंना चामड्याचा, त्यावर दोघांची जुंपली. नवरा पंचाच्या थाटात दोघांनाही चूक ठरवत होता आणि सगळे हसत होते.

"कागद उकलायच्या आधी पेले रिकामे करा रे कुणीतरी," ताई म्हणाल्या. "माझा काठाला आलाय."

"मी करते," ती म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की ताईंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

स्वयंपाकघराचं दार तिने ढकलून घेतलं. वीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेली बाई ती. डोळ्यांनी मोजून पातळ औषध ओततानाही तिची कधी चूक व्हायची नाही, पण आज तिला डोळ्यांवर सोडायचं नव्हतं. फडताळात मापाचं काचेचं भांडं होतं. आधी तिने ताईंचा पेला त्यात ओतला. पावणेतीनशे मिलिलिटर, वर फेस, फेसात पावाचा चुरा आणि लाळेची तार. ते सिंकमध्ये गेलं. भावजींच्या पेल्यात जेमतेम दोन चमचे निघाले. मग नवऱ्याचा पेला. तो उचलतानाच तिला जड लागला आणि क्षणभर तिला इतकं हायसं वाटलं की तिने डोळे मिटून घेतले.

बरोबर दोनशे चाळीस. रेघेला टेकून.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. भावजी दर वेळी चाळीस ओततात, हे तिने पहिल्या बाटलीलाच ताडलं होतं. सहा चोक चोवीस, म्हणजे दोनशे चाळीस. माणूस घोट घेऊन थुंकतो तेव्हा थोडं जिभेला राहतं, थोडी लाळ मिसळते, आकडा असा काटेकोर येत नाही. शिवाय या वाइनवर फेस नव्हता, तार नव्हती, चुरा नव्हता. नुकती बाटलीतून काढल्यासारखी ती स्वच्छ होती. त्याने ग्लास सरळ पेल्यात उपडा केला होता, तिला दाखवण्यासाठी. ती मोजणार हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि दुसरी फेरी, ती पाव कापत असतानाची, चार ग्लास, एकशे साठ. ती कुठे गेली हे सांगायला हिशेबनीस नको होता.

तिला बेसिन आठवलं. रुग्णवाहिकेला इथे यायला किती वेळ लागेल, जिना अरुंद आहे, स्ट्रेचर वळेल का, असले विचार तिच्या डोक्यात एकापाठोपाठ एक यायला लागले. आजच होईल असं काही नाही, असंही तिने स्वतःला सांगून पाहिलं.

दार उघडून ताईंनी डोकं आत घातलं. "अगं, तू आणलेलं चीज कुठे ठेवलंयस?" आणि त्या हसल्या. त्यांचे सगळे दात कडेने जांभळे झाले होते, ओठांच्या कोपऱ्यांत काळसर रेघ उमटली होती, जीभ तर शाईत बुडवल्यासारखी. सगळ्या गावाच्या दातांची उठाठेव करणारी बाई, आणि प्रत्येक घोट इमानाने थुंकूनही तिची ही दशा.

"ताई," ती म्हणाली, "याला जरा आत पाठवता का? बूच निघत नाहीये म्हणावं."

तो आला. तिने त्याच्या मागे दार लावलं आणि म्हणाली, "जीभ दाखव."

"काय?"

"जीभ दाखव म्हणते ना."

त्याने मापाच्या भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग खिडकीकडे तोंड करून, लहान मूल डॉक्टरसमोर काढतं तशी त्याने जीभ बाहेर काढली. ती गुलाबी होती. वर थोडा पांढरा थर, बाकी कोरी. दात सकाळी घासल्यासारखे. सहा प्रकारची लाल वाइन ज्या तोंडातून गेली असेल त्या तोंडाचा हा रंग असूच शकत नव्हता.

"तू तोंडातच घेतली नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"एकही?"

"एकही नाही. वास घेऊन ठोकून देतोय. दुसरी फेरी तुझ्या या भावजींच्या ग्लासात ओतली, तो ताईशी भांडत होता. त्याला पत्ताही लागला नाही." तो हसायचा प्रयत्न करत होता, पण ते काही जमत नव्हतं. त्याने ओट्याची कड धरली. "घोट तोंडात घेतला की नंतर तो थुंकायचा असतो. ते माझ्याच्याने होणार नाही गं. मला ठाऊक आहे. तोंडात आली की संपलं."

"मग कोठारात काय करतोस?"

"हेच."

"आठ महिने?"

"आठ महिने. नाकावर चाललंय सगळं. आतापर्यंत निभावलंय. रोज सकाळी कुलूप उघडताना एकच विचार असतो. आज कुणी म्हणालं, माझ्यासमोर चाखून दाखव, तर?"

"आणि मी रोज विचारते तेव्हा?"

"तेव्हा थुंकलो म्हणतो. तुला बरं वाटतं ना."

आनंदाने तिने त्याला मिठी मारायला हवी होती. तो प्यायला नव्हता, ती जे धरून चालली होती त्यातलं काहीच झालं नव्हतं. पण तिला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. इतके दिवस तिला वाटत होतं की तो आणि ते बेसिन यांच्यामध्ये एक पेला आहे, नियम आहे, सवय आहे. मध्ये काहीच नव्हतं. हा माणूस रोज एकटा कड्यावर जाऊन उभा राहत होता आणि संध्याकाळी घरी येऊन तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत होता.

"घरी जाऊ या," ती म्हणाली. "मी सांगते, मला बरं वाटत नाहीये."

"चल," तो लगेच म्हणाला.

बाहेर आले तर टेबलावर सातवी बाटली उभी होती, कागदाशिवाय, आणि तिच्या शेजारी भावजींचा फोन पडला होता. फोनमधून दादांचा आवाज येत होता, मोठा आणि मोकळा, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"नाकोबा आहे का तिथे? बरं झालं. हे बघ, ही मीच धाकट्याकडे पाठवलीय. निव्वळ कॅबर्ने आहे, मोठी खरेदी आहे, आणि त्या लोकांना मला आजच हो की नाही कळवायचंय. मला वासाचं काही सांगू नकोस, वास मलाही येतो. तोंडात तुरटपणा किती धरते आणि दहा वर्षं टिकेल का, तेवढं सांग. मी फोनवर थांबतो."

भावजींनी ग्लास त्याच्या हातात दिलासुद्धा. "घे बाबा. आज तू आमच्या सगळ्यांचं नाक आहेस."

"दादा," ती पुढे होत म्हणाली, "आज याला जरा..."

"वहिनी, एक घोट," दादा हसून म्हणाले. "एका घोटाने पित्त नाही होत."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांची नोकरी त्या फोनमध्ये वाट बघत होती, हे तिला दिसत होतं आणि त्यालाही. ती मान हलवत होती, नको, नको. त्याने ग्लास ओठांना लावला आणि घोट तोंडात घेतला.

मग तो तसाच उभा राहिला. गाल किंचित फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. त्याने वाइन फिरवली नाही, आवाज केला नाही. आठ महिन्यांनी ती चव त्याच्या जिभेवर आली होती आणि तो हलत नव्हता. भावजी कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं, काय एकाग्रता आहे. तिने टेबलावर त्याचा पेला शोधला. पेला आत सिंकशेजारी राहिला होता. त्याच्या कपाळावर घाम फुटला, डोळे तिच्यावर खिळले, आणि त्या डोळ्यांत इतकी उघडी भीती होती की तिला तिकडे बघवेना. त्याच्या गळ्यावरचं हाड थरथरलं, जरासं वर सरकलं आणि तिथेच अडकलं.

ती दोन पावलांत त्याच्यापाशी पोचली. डाव्या हाताने तिने त्याची मान मागून धरली आणि उजव्या हाताची ओंजळ त्याच्या हनुवटीखाली लावली.

"थुंक," ती म्हणाली. "माझ्या हातावर थुंक. मी आहे इथे. थुंक रे."

खोलीत कुणी हललं नाही. किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मग त्याने तोंड उघडलं आणि ती सगळी वाइन तिच्या ओंजळीत आली, गरम, बोटांच्या फटींतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर गळत. तो खोकला, पुन्हा थुंकला, लाळही थुंकला. तिच्या हाताखालची त्याची मान घामाने ओली झाली होती. ताई कधी उठल्या कळलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी धरला होता आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणत होत्या, "चूळ भर. पुन्हा भर. आणखी एकदा."

"काय मग?" फोनमधून दादा म्हणाले. "किती तुरट आहे? टिकेल का?"

भावजींनी फोन बंद करायला हात पुढे केला. नवऱ्याने तो हात धरला. बोलायच्या आधी त्याने दोनदा श्वास घेतला.

"मला नाही सांगता यायचं, दादा," तो म्हणाला. "मी आठ महिने काहीच चाखलेलं नाही. यकृत गेलंय माझं. मी तुम्हाला फसवत होतो."

फोनमधून काहीच आलं नाही. दादा तिकडे श्वास घेत होते, तेवढं ऐकू येत होतं. ती तशीच उभी होती, एक हात त्याच्या मानेवर, दुसरा भरलेला, आणि पुढचा शब्द कुठला येतो याची चौघंही वाट बघत होती.